एकोणीस

मिक्सर म्हणजे चटणीचा नव्हे.
तांदळाच्या कणीएवढी चिप,
गॅलियम आर्सेनाइडची, शिंपल्यासारखी ठिसूळ.
चिमटा जरा दाबला गेला की कोपरा उडतो
आणि अठ्ठावीस डॉलर केरात.

लोवेल गावात, मेरिमॅक नदीच्या अलीकडे,
जुन्या सूतगिरण्यांपासून दोन मैलांवर
आमची बिनखिडक्यांची शेड.
रात्रपाळीला तिघं.
वन्नरी जोडते, देओलिंदा झाकणं बसवते, मी मोजतो.
वन्नरीची तार सोन्याची,
केस उभा तिघांत वाटला तर एकाच्या वाट्याला येईल तेवढी जाड.
सूक्ष्मदर्शकाखाली ती या काठावरून त्या काठावर
कमान टाकते, तोडते, पुन्हा टाकते.
बावीस वर्षं.

मार्चमध्ये एक अख्खा ट्रे नापास झाला.
बाहेर बर्फाचा चिखल. कॉफीच्या यंत्रात कॉफी नाही.
"नापास म्हणजे नेमकं काय झालं?"
हे तिनं कधीच विचारलं नव्हतं.

मी तिच्या डब्याखालच्या कागदी रुमालावर आकडे मांडले.
मनोऱ्यावरून येते ती लहर तेवीसची.
आपण आतून देतो एकवीस.
तेवीसातून एकवीस गेले, उरले दोन.
दोन पुढच्या यंत्राला झेपतात.
पण एकोणीसवर कुणी बोलत असेल
तर एकवीसातून एकोणीस गेले,
तरी उरतात दोनच.
कोण वरून आलं, कोण खालून, मिक्सरला कळत नाही.
त्या एकोणीसला आम्ही प्रतिमा म्हणतो.
चांगली चिप प्रतिमेला गाळते.
हा ट्रे गाळत नाही.

ती रुमालाकडे बघत राहिली.
मग म्हणाली, आमच्या रेडिओतही एकोणीस होतं.

थायलंडच्या सीमेवरची छावणी, निळी ताडपत्री,
ती नऊ वर्षांची.
रोज संध्याकाळी एक बाई सापडलेल्यांची नावं वाचायची.
काटा जरा खाली नेला
की तीच बाई पुन्हा, थोडी घोगरी,
पाण्याखालून बोलल्यासारखी.
एका रात्री वरच्या जागी नाव आलं : वुथी.
दुसऱ्या रात्री खालच्या जागी : वुथी.
आई म्हणाली, दोन ठिकाणं, दोन याद्या, दोन पोरं.
एक असेल कुणाचा. एक आपला.

एक निघाला बट्टामबांगच्या शिंप्याचा.
शिंपी येऊन त्याला घेऊन गेला.
आई दुसऱ्यासाठी थांबली.
इथे आल्यावरही थांबली,
तिसऱ्या मजल्यावर, हीटरशेजारी,
ताटात एक वाटी जास्त.

देओलिंदा हे ऐकत होती की नाही कोण जाणे.
तिचे ओठ नेहमीसारखे हलत होते,
अझोर्सच्या कुठल्या तरी संताशी तिचं रात्रभर बोलणं चालतं.

वन्नरीनं सूक्ष्मदर्शक ओढला.
"ही बघ," म्हणाली, "डावी कमान उंच आहे. उजवी बुटकी.
दोघींना सारखं चालायला नको का?"
खरंच होतं. मी आठवडाभर आकडे बघत होतो,
तारेकडे नाही.
पहाटे चारपर्यंत तिनं अठरा चिपा उसवून पुन्हा जोडल्या.

पहिली यंत्रावर लावली.
एकोणीसवर लहर सोडली.
पडदा सपाट. तळाशी नुसतं गवत.
एकतीस डेसिबल, पंचवीस पुरले असते.

"मग तो दुसरा जातो कुठे?"
मी म्हणालो, दुसऱ्या तोंडाशी एक रोधक आहे, पन्नास ओहमचा.
त्यात तिची ऊब होते.
"केवढी?"
हाताला लागणार नाही एवढी.

तिनं बोटावरची रबरी टोपी काढली.
नियमात बसत नाही हे.
उघड्या चिपेशेजारी, सोनेरी पत्र्यावर,
बोट टेकवलं
आणि डोळे न मिटता
बराच वेळ तशीच उभी राहिली.

मी नोंदवहीत लिहिलं : एकतीस. पास.
हाताळणीच्या रकान्यात काही लिहिलं नाही.